गाव करी ते राव न करी
ग्रामसुधारणेचे अनुदान, लोकांचे श्रम आणि ज्येष्ठांचे आरोग्य

वार्धक्यातील आरोग्याचा विचार करताना आपले लक्ष स्वाभाविकपणे औषधांच्या डब्याकडे, रक्तदाबाच्या नोंदवहीकडे आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीच्या तारखेकडे जाते. ते योग्यही आहे. परंतु खेड्यात राहणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी तितक्याच निर्णायक ठरतात. अंथरुणापासून शौचालय किती पावलांवर आहे, नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, घरासमोरचे गटार उघडे आहे की झाकलेले, एसटीच्या थांब्यापर्यंतची वाट पावसाळ्यात चालण्याजोगी राहते की नाही, अशा त्या गोष्टी. त्या कोणत्याही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाहीत. त्या गावाने ठरवायच्या आणि गावानेच तडीस न्यायच्या असतात.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती आणि त्यांपैकी सात कोटींहून अधिक ज्येष्ठ ग्रामीण भागात राहत होते. महाराष्ट्रात तर दर शंभर व्यक्तींमागे जवळपास दहा जण साठी ओलांडलेले होते. त्यानंतरच्या वर्षांत हे प्रमाण वाढतच गेले आहे. दुसरीकडे, शिक्षणासाठी आणि पोटापाण्यासाठी तरुण माणसे शहराकडे जातात. त्यामुळे अनेक घरांत वृद्ध आईवडील आणि त्यांची काळजी घेणारी एखादी सून किंवा मुलगी, क्वचित नुसते दोघे वृद्धच, असे चित्र दिसते. अशा घरासाठी ग्रामसुधारणा हा वृद्धसेवेचाच भाग असतो.

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपल्या भाषेत उगाच रूढ झालेली नाही. एका शेतकऱ्याच्या नांगरटीला साऱ्या वस्तीने बैल घेऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या शेतावर जायचे, या इर्जिकीच्या प्रथेत एकमेकांच्या श्रमांची साठवण होती. आज गावाच्या कामांना शासनाचे अनुदान मिळते, आणि त्याची गरज आहेच. गावाच्या वर्गणीतून पाणीपुरवठा योजना उभी राहत नाही. मात्र अनुदान हे विरजणासारखे असते. घरात दूध असेल तरच विरजणाचा उपयोग होतो. महाराष्ट्रातील काही उदाहरणे पाहिली, तर हे दूध म्हणजे नेमके काय, हे ध्यानात येते.

जामखेडमध्ये आरोग्याची सुरुवात पाण्यापासून

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही उच्चशिक्षित डॉक्टर होते. दुष्काळी भागात जाऊन रुग्णालय चालवणे, औषधे देणे, शस्त्रक्रिया करणे त्यांना सहज शक्य होते. परंतु लोकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आले की, गावाची पहिली मागणी औषधांची नाही, तर पाण्याची आणि अन्नाची आहे. मग कूपनलिका आणि हातपंप, पुढे शेतीची, मृदसंधारणाची आणि वृक्षलागवडीची कामे हाती घेण्यात आली. गावोगावी शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे स्थापन झाली. गावाने निवडलेल्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्यांच्यापैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, तरीही प्रसूतीपासून अतिसारापर्यंतच्या अनेक प्रश्नांना त्या समर्थपणे सामोऱ्या गेल्या.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांनी स्वतः उभारलेल्या आरोग्यसेवेविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जगभरातील निवडक प्रयोगांमध्ये जामखेडचा समावेश होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या प्रकल्पासाठी बाहेरून आर्थिक मदत मिळाली होती, पण तिचा विनियोग ठरवताना लोकांचे म्हणणे आधी ऐकले गेले. दवाखान्यात येणाऱ्या आजारांपैकी बरेचसे पाणवठ्यावर, उकिरड्यावर आणि रिकाम्या चुलीवर जन्म घेतात, हे तेथे कृतीतून सिद्ध झाले.

हिवरे बाजार : पैशाआधी नियम

त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव एकेकाळी दुष्काळ, स्थलांतर आणि व्यसनाधीनता यांनी ग्रासलेले होते. पाऊस मुळातच कमी, डोंगर उघडे पडलेले, आणि विहिरी उन्हाळ्याआधीच कोरड्या होत असत. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार यांनी सरपंचपदाची धुरा घेतल्यावर गावाने दिशा बदलली. महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये राळेगणसिद्धीच्या धर्तीवर आदर्श गाव योजना सुरू केली होती. पुढे हिवरे बाजारचा तिच्यात समावेश झाला.

या योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. निधी मिळण्यासाठी गावाने आधी काही बंधने स्वीकारायची असतात. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही ती मूळ पंचसूत्री. पुढे तीत उघड्यावरील शौचास बंदी आणि बोअरवेलबंदी यांची भर पडली. म्हणजे डोंगरावर समतल चर खोदण्यासाठी शासनाने पैसे द्यायचे, पण त्या डोंगरावर गुरे सोडायची नाहीत आणि झाड तोडायचे नाही, ही शिस्त गावाने स्वतः पाळायची. चर एका हंगामात खोदून होतात, पण त्यांच्यावरचे गवत राखण्यासाठी वर्षानुवर्षे संयम लागतो. हा संयम कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही.

हिवरे बाजारने त्याही पुढचे पाऊल टाकले. गावात पडलेला पाऊस मोजायचा, विहिरींची पाणीपातळी नोंदवायची आणि त्यावरून पाण्याचा वार्षिक ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा, अशी पद्धत तेथे रुजली. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. उसासारख्या तहानलेल्या पिकांना दूर ठेवण्यात आले. २०२० मध्ये श्री. पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

ज्येष्ठांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या दृष्टीने या कथेतील सर्वांत मोलाची गोष्ट निराळीच आहे. शेतीला पाणी मिळाले, दुधाचा धंदा वाढला आणि पोटासाठी बाहेर पडलेली अनेक कुटुंबे गावात परत आली. मुलगा गावात राहून शेती करू शकतो, तेव्हा रात्री-अपरात्री वडिलांना दवाखान्यात नेणारे माणूस घरात असते. सुनेला दोन मैलांवरून पाणी आणावे लागत नाही, तेव्हा सासूच्या पायाला तेल चोळायला आणि वेळेवर गोळी द्यायला तिच्याजवळ अर्धा तास शिल्लक राहतो. पाणलोटाचे काम आणि वृद्धांची काळजी यांचे नाते असे अगदी जवळचे आहे.

स्पर्धेने काय साधले, काय निसटले

२०००-०१ मध्ये महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या, दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनातून मने झाडणाऱ्या गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) नाव या मोहिमेला देणे सर्वार्थाने उचित होते. या अभियानाने एक महत्त्वाचा बदल घडवला. आधी अनुदान आणि मग काम, या चाकोरीऐवजी आधी गावाने स्वतः झटायचे आणि मग स्पर्धेतून बक्षीस मिळवायचे, असा क्रम ठरला. गावेच्या गावे खराटे, फावडी, घमेली घेऊन रस्त्यावर उतरली. उकिरडे हलले, गटारे वाहती झाली, भिंतींना रंग लागले. पुढे केंद्र शासनाच्या निर्मल ग्राम पुरस्काराच्या यादीत महाराष्ट्रातील गावे मोठ्या संख्येने झळकली, त्यामागे या पूर्वतयारीचा मोठा वाटा होता. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात घरगुती शौचालयासाठी पात्र कुटुंबांना १२,००० रुपयांचे प्रोत्साहनपर अनुदान मिळू लागले.

या यशाची दुसरी बाजूही मोकळेपणाने पाहिली पाहिजे. पुरस्कार मिळाल्यानंतर काही गावे पुन्हा जुन्या वळणावर गेली. परीक्षण समिती येऊन गेली की खराटा कोपऱ्यात गेला. काही शौचालये सरपण आणि शेतीची अवजारे ठेवण्याच्या उपयोगी पडली. आणि काही ठिकाणी शौचालय बांधले गेले, वापरलेही गेले, परंतु घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला ते वापरता आले नाही. पायरी उंच, दार अरुंद, आत धरायला काही नाही, आणि गुडघे उकिडवे बसू देत नाहीत. कागदावर गाव हागणदारीमुक्त झाले, पण आजोबांची पहाटेची पायपीट सुरूच राहिली. असे का होते? कारण योजनेचा आराखडा ठरत असताना त्या आजोबांना कोणी विचारलेले नसते.

ज्येष्ठांच्या पावलांनी गाव मोजताना

गावसुधारणेचे मोजमाप किती मीटर रस्ता आणि किती नग शौचालये, अशा भाषेत होते. तेच मोजमाप सत्तरीच्या माणसाच्या पावलांनी केले, तर पुढील बाबींना अग्रक्रम द्यावा लागेल.

*पिण्याचे पाणी.* वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातील पाणी आणखी लवकर कमी होते. अशा व्यक्तीला दूषित पाण्याने जुलाब झाले, तर तरुणांच्या तुलनेत ती फार लवकर अत्यवस्थ होऊ शकते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून गावाच्या टाकीत रोज ब्लिचिंग पावडर पडते का, आणि शेवटच्या नळापर्यंत पाण्यात क्लोरिनचा अंश पोहोचतो का, हे जलसुरक्षकाला विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. आपल्या राज्यात पाणी स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे ठाऊक असावे. खोल बोअरवेलच्या पाण्यात काही भागांत फ्लोराइड अधिक आढळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तरच दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. दीर्घकाळ जादा फ्लोराइड पोटात गेल्यास दात आणि हाडे बिघडतात, पाठ-सांधे आखडतात. अशा वेळी सांधेदुखीचे मूळ कधीकधी विहिरीत असते.

*पाण्याची वेळ.* जलजीवन मिशनमध्ये दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरातील नळाने मिळावे, असे उद्दिष्ट आहे. परंतु पाणी चार दिवसांआड आले, की पिंपे, हंडे आणि टाक्या भरून ठेवाव्या लागतात. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. भरलेली पिंपे झाकून ठेवणे आणि आठवड्यातून एक दिवस ती रिकामी करून घासून कोरडी करणे, हा कोरडा दिवस पाळणे आवश्यक आहेच. परंतु पाणी नेमाने आले तर एवढा साठा करावाच लागत नाही. शिवाय भरलेली बादली उचलताना पाठीत चमक भरणे, ओल्या फरशीवर पाय घसरणे या गोष्टीही टळतात.

*शौचालय.* रात्री अंधारात अंगण ओलांडून जावे लागेल, या धास्तीने अनेक वृद्ध संध्याकाळपासून पाणी पिणेच सोडतात. त्यातून बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, कधी भोवळ येणे असे त्रास उद्भवतात. आणि उठलेच, तर पडण्याचे भय असते. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे महिनोनमहिन्यांचे परावलंबन. बसक्या भांड्यावर ठेवता येईल अशी खुर्ची किंवा उंच बैठकीचे भांडे, भिंतीला कमरेच्या उंचीवर पक्की धरदांडी, बाहेर उघडणारे दार, खरबरीत फरशी आणि एक दिवा, इतक्या सुधारणांनी चित्र पालटते. दार बाहेर उघडणारे असावे, याचे कारण साधे आहे. आत कोणी पडले, तर आत ढकलायचे दार त्यांच्याच अंगामुळे अडते. पायरीऐवजी उतार करायचा असेल, तर एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी, हे प्रमाण गवंड्याला सांगावे.

*सांडपाणी.* उघड्या गटारात वाढणारा क्यूलेक्स डास हत्तीरोगाचा प्रसार करतो. नांदेड जिल्ह्यात घरोघरी शोषखड्डे करून सांडपाणी जागच्या जागी जिरवण्याची मोहीम झाली आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ती इतरत्र गेली. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव त्यासाठी ओळखले जाते. गटार नाही म्हणजे त्यावरची डगमगती फरशी नाही, काठावरचे शेवाळ नाही आणि डासही कमी. ज्यांची दृष्टी मोतीबिंदूने अंधूक झाली आहे, त्यांच्यासाठी यात दुहेरी लाभ आहे.

*वाट, दिवा आणि पार.* पडू या भीतीने घरात बसलेला माणूस हळूहळू स्नायूंची ताकद गमावतो, आणि त्यामुळे पडण्याची शक्यता आणखी वाढते. रोजचे चालणे मधुमेह, रक्तदाब आणि मन या तिन्हींसाठी हितकारक आहे. त्यासाठी सपाट वाट, वळणावर दिवा आणि दमल्यावर टेकायला जागा हवी. पूर्वी प्रत्येक गावात झाडाखाली पार असे. तेथे सावली होती, बोलायला माणसे होती आणि ‘आज अमुक दिसला नाही’ अशी चौकशीही आपोआप होत असे. एकाकीपणावर एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. त्या पाराची डागडुजी हे विकासकाम समजले पाहिजे.

पैसा कोठून येतो, निर्णय कोठे होतो

ही कामे दानशूरांच्या कृपेवर अवलंबून नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतींना वित्त आयोगामार्फत थेट निधी मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी या निधीतील ६० टक्के भाग बंधित ठेवला. त्यातील निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी होता. उरलेला ४० टक्के अबंधित भाग गावाच्या गरजेनुसार खर्च करण्याची मुभा होती. याशिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांग व्यक्तींसाठी खर्च करावयाची असते. पक्षाघाताने अपंगत्व आलेल्या किंवा दृष्टी गमावलेल्या ज्येष्ठांकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर या तरतुदीचा आधार घेता येतो.

जलजीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामांच्या खर्चात सर्वसाधारणपणे १० टक्के, तर डोंगरी, वनक्षेत्रातील आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के लोकवर्गणी अपेक्षित असते. ती रोख, वस्तूंच्या किंवा श्रमांच्या रूपानेही देता येते. ही अट जाचक वाटू शकते, परंतु तिच्यामागे अनुभव आहे. ज्या नळाला आपल्या घामाचा थोडा अंश लागला आहे, त्याची तोटी तुटली तर माणूस दुरुस्तीचा आग्रह धरतो. मात्र वृद्ध, विधवा आणि हातावर पोट असणाऱ्यांवर या वर्गणीचा बोजा पडू नये, याची तजवीज गावानेच करावी. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने शेजारच्या आजींच्या वाट्याचेही खोदकाम करावे, हीच तर इर्जिकीची रीत.

या साऱ्याचा निर्णय ग्रामपंचायत विकास आराखड्यात होतो. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमातून हा आराखडा तयार करण्याची पद्धत सुरू झाली. सध्या आराखडे नऊ संकल्पनांच्या आधारे केले जातात. त्यांत आरोग्यदायी गाव आहे, जलसमृद्ध गाव आहे, बालस्नेही गाव आहे, महिलास्नेही गावही आहे. ज्येष्ठांच्या नावाची स्वतंत्र संकल्पना मात्र नाही. सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गावाच्या छत्राखाली त्यांचा समावेश होतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ज्येष्ठांच्या गरजा कोणी मुद्दाम मांडल्या नाहीत, तर त्या आराखड्यात आपोआप येणार नाहीत.

मांडण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती गणपूर्तीसाठी लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. मग मोजक्या दहा-वीस माणसांच्या साक्षीने साऱ्या गावाचे वर्ष ठरून जाते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. घरातील वृद्धांची शुश्रूषा प्रामुख्याने स्त्रियाच करतात. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना हलवताना नेमकी अडचण कोठे येते, हे त्या सुनेहून अधिक कोणाला माहीत असणार? तिचा शब्द त्या सभेच्या इतिवृत्तात उतरला पाहिजे.

ज्येष्ठ हे केवळ लाभार्थी नव्हेत

गावाच्या कामात वृद्धांचा उपयोग नाही, हा समज चुकीचा आहे. फावडे त्यांच्या हातून चालणार नाही, पण जुना ओढा कोठून वाहत होता, कोणत्या बारवेचे पाणी बहात्तरच्या दुष्काळातही आटले नव्हते, पुराचे पाणी कोणत्या भिंतीपर्यंत चढले होते, हे त्यांच्याच स्मरणात असते. पाणलोटाचा नकाशा आखणाऱ्या अभियंत्याला हे ज्ञान कोणत्याही यंत्रातून मिळत नाही. निवृत्त शिक्षकांना आणि टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांना हिशेबाची आणि नोंदींची सवय असते. पावसाची नोंद ठेवणे, टाकीच्या स्वच्छतेची तारीख लिहिणे, आलेल्या निधीचा आणि खर्चाचा तक्ता फलकावर लागला आहे की नाही हे पाहणे, ही कामे ते उत्तम करू शकतात. मंजूर आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. शहरातील नातवंडांनी आजोबांना तो फोनवर वाचून दाखवावा. गावाशी नाते टिकवण्याचा तोही एक मार्ग आहे.

अशा कामाचा आरोग्यावरही परिणाम होतो. निवृत्तीनंतर किंवा जोडीदाराच्या निधनानंतर ‘आता आपली कोणाला गरज नाही’ ही भावना मनाला पोखरते. भूक मंदावते, झोप उडते, औषधे चुकतात. नेमून दिलेले, गावाला उपयोगी पडणारे एखादे लहानसे काम माणसाला सकाळी उठण्याचे कारण देते. मात्र प्रकृतीची मर्यादा ओळखूनच ते स्वीकारावे. श्रमदानाच्या उत्साहात भर उन्हात उभे राहणे, उपाशीपोटी मधुमेहाच्या गोळ्या घेऊन कामावर जाणे किंवा हृदयविकार असताना जड दगड उचलणे सर्वथा टाळावे. सावलीत बसून हजेरी लिहिणे हेही श्रमदानच आहे.

पुढील ग्रामसभेपूर्वी

शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांनी एखाद्या सकाळी आपल्या घरातील ज्येष्ठांसोबत त्यांच्या गतीने घरापासून नळकोंडाळे, दवाखाना, मंदिर आणि एसटीचा थांबा इथपर्यंत चालून पाहावे. जेथे ते थबकतात, जेथे तुमचा हात शोधतात, जेथे दम खायला थांबतात, त्या जागा कागदावर लिहाव्यात. शेजारच्या चार घरांतील ज्येष्ठांच्याही अडचणी त्यात घालाव्यात. त्यांतील दोन किंवा तीनच कामे निवडून त्यांचा लेखी अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा, पोच घ्यावी आणि ग्रामसभेला जातीने हजर राहून तो विषय वाचायला लावावा. ज्येष्ठांना चालवत असेल, तर त्यांनाही सोबत न्यावे आणि बसायला खुर्ची मागून घ्यावी. काम मंजूर झाल्यावर ते करताना एक दिवस आपण स्वतः हजर राहावे, आणि पूर्ण झाल्यावर त्याची निगा कोण राखणार, हे त्याच सभेत नावानिशी ठरवून घ्यावे.

अनुदान येईल, संपेल, पुन्हा नव्या नावाने येईल. योजनांची नावे बदलत राहतील. दवाखान्यासमोरच्या पायरीला उतार मिळाला की नाही आणि वळणावरचा दिवा लागला की नाही, हे मात्र त्या अर्जावर, त्या सभेतील उपस्थितीवर आणि मागाहून ठेवलेल्या निगेवर अवलंबून राहील. हे तिन्ही गावाच्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.